यादीत बसलेलं गाणं

गाणं ऐकण्यासाठी असतं, असा एक जुना गैरसमज काही घरांत अजून टिकून आहे. गाणं यादीत लागण्यासाठी असतं. ऐकणं ही त्यानंतरची, ऐच्छिक बाब आहे. ज्यांना हे पटायला जड जातं त्यांनी स्वतःचं आयुष्य आठवून पाहावं. आपलं नाव आधी शाळाप्रवेशाच्या यादीत लागतं, मग गुणवत्तायादीत (किंवा तिच्याखालच्या, लांबलचक यादीत), मग मतदारयादीत, मग घरांच्या सोडतीच्या यादीत, आणि मधल्या काळात विवाहमंडळाच्या यादीत, उंची व गोत्रासह. जिथल्या यादीत नाव नाही तिथे माणूस प्रत्यक्ष उभा असला तरी खिडकीपलीकडचा कारकून त्याच्याकडे पाहत नाही, आणि त्यात कारकुनाची काही चूक नसते. हाडामांसाच्या माणसाची ही स्थिती असताना एखाद्या गाण्याने यादीत न लागता ऐकलं जाण्याची अपेक्षा करणं हा निव्वळ उद्धटपणा आहे.

हा उद्धटपणा निशांत श्यामसुंदर कोचरेकर, वय सत्तावीस, राहणार तुर्भे, सेक्टर एकवीस, याच्या हातून घडला. निशांत तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात पांढरा रंग पुरेसा पांढरा आहे की नाही हे तपासतो. (असतो. आजवर एकदाच तो कमी पांढरा निघाला होता, तेव्हा त्याला ‘आयव्हरी’ असं नाव देऊन जास्त भावाने विकण्यात आलं.) उरलेल्या वेळात निशांतने एक गाणं लिहिलं, त्याला चाल लावली आणि ते स्वतःच गायलं. या कामाला वर्ष लागलं. गाणं साडेचार मिनिटांचं झालं. त्यात तीन कडवी होती, आणि खरं सांगायचं तर पहिली दोन तिसऱ्यासाठीच लिहिलेली होती. गाण्याचं नाव सहा शब्दांचं होतं.

ध्वनिमुद्रण निशांतच्या खोलीतल्या कपाटात झालं. कपाटातले कपडे बाहेर, निशांत आत, अंगाभोवती दोन गोधड्या, पंखा बंद, आणि त्याच्या आईला, म्हणजे वैशालीताईंना, कुकर लावायची बंदी. बंदोबस्त चोख होता. फक्त मार्केटकडे येणाऱ्या ट्रकवाल्यांना त्याची कल्पना दिलेली नव्हती. दुसऱ्या कडव्याच्या ऐन मध्यावर खाली एक ट्रक मागे येऊ लागला आणि त्याचा टुंग टुंग वाजणारा रिव्हर्स हॉर्न गाण्यात येऊन बसला. निशांतने कडवं पुन्हा गायलं. पुन्हा ट्रक मागे आला. तुर्भ्यात ट्रक मागे यायचे थांबतील अशी आशा धरून बसायला मोठी श्रद्धा लागते, तेवढी निशांतकडे नव्हती. त्याने हॉर्न राहू दिला. या हॉर्नला पुढे उज्ज्वल भविष्य होतं, पण त्या वेळी ते कोणाच्याच लक्षात आलं नाही.

आता निशांतला नेमकं काय हवं होतं, तेही नोंदवून ठेवलेलं बरं. एका तरी अनोळखी माणसाने आपलं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावं, एवढं त्याला हवं होतं. ओळखीच्या माणसांपैकी त्याने एकच माणूस मनात धरला होता, आणि तो पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसलेला असे. ते त्याचे वडील, श्यामसुंदरराव. एका सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक शाखेत त्यांनी हयात घालवली होती. शिक्का पडण्यापूर्वी एकही कागद आपण वाचला नाही, हा त्यांच्या सेवेचा अभिमानाचा भाग होता. तुर्भ्याचं घर त्यांना सोडतीत लागलं होतं. ती यादी छापून आलेलं वर्तमानपत्राचं पान त्यांनी लॅमिनेट करून देवघराशेजारी लावलं होतं, आणि पाहुण्यांना घर दाखवण्याआधी ते पान दाखवायची पद्धत होती.

“बाबा, गाणं झालंय. ऐकता का?” निशांतने एका रविवारी विचारलं.

“लिस्टमध्ये लागलंय का?”

“अजून नाही. अप्लाय करायचंय.”

“मग लागू दे की. मग ऐकू,” श्यामसुंदरराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले. “आधीच ऐकून उगाच काय करायचं?”

यात दुष्टावा मुळीच नव्हता. ज्या माणसाने चौतीस वर्षं नोंदीशिवाय कागदाला हात लावला नाही त्याने मुलाच्या गाण्यासाठी नियम मोडला असता, तर तोच पक्षपात झाला असता. पण निशांत हिरमुसला, आणि काहीही झालं तरी गाणं यादीत लावायचंच असं त्याने त्या दिवशी ठरवलं.

गाणं यादीत, म्हणजे गाण्यांच्या ॲपवरच्या प्लेलिस्टमध्ये, घ्यावं यासाठी तिथेच अर्ज करावा लागतो, आणि तो गाणं प्रसिद्ध होण्याआधी करावा लागतो. म्हणजे जे कोणी ऐकलेलं नाही ते लोकांना का आवडेल हे आधी लिहून द्यायचं. अर्ज सोपा आहे. भाषा निवडायची : मराठी ‘प्रादेशिक’च्या खाली ‘इतर’ आणि ‘इतर’च्या खाली सापडते, फक्त नेट बंद पडता कामा नये. मग वाद्यं निवडायची. ढोलकी नव्हती, तेव्हा निशांतने ‘ड्रम (पारंपरिक, आशियाई)’ घेतलं. मग मूड. त्यात आनंदी, रोमँटिक, पार्टी, व्यायाम, चिल आणि फोकस हे सहाच मूड होते. मानवजातीचे बाकीचे मूड कमी मागणीमुळे बंद करण्यात आले असावेत. निशांतचं गाणं यांतल्या कशातच बसेना.

“रोमँटिक लिही,” वैशालीताई म्हणाल्या. “तुझ्यासाठी स्थळं बघतोय आम्ही, बरं दिसतं.”

“पहिलं असेल ते टिक कर,” आतून श्यामसुंदरराव म्हणाले. “पहिल्या पर्यायावर कोणी ऑब्जेक्शन घेत नाही.”

पहिला पर्याय ‘आनंदी’ होता. गाणं आनंदी झालं.

शेवटी पाचशे अक्षरांत स्वतःची कहाणी मागितली होती. या कहाणीत संघर्ष असावा असा संकेत आहे. आवाज जाऊन परत आलेला असावा, वडिलांनी गिटार मोडलेली असावी, गेलाबाजार एखादं मांजर तरी वारलेलं असावं. निशांतच्या आयुष्यात यापैकी काहीही झालेलं नव्हतं. त्याने ‘तुर्भ्यात राहतो, तळोज्यात काम करतो, गाणं मनापासून केलंय’ एवढंच लिहिलं आणि उरलेली अक्षरं प्रामाणिकपणे रिकामी सोडली.

शुक्रवारी गाणं निघालं. (जगातली सगळी गाणी शुक्रवारी निघतात. अनुभवी लोक सांगतात की दर शुक्रवारी निघणारी गाणी एकापाठोपाठ एक ऐकायची म्हटली तर नोकरी, संसार आणि आंघोळ सोडावी लागेल. हा आकडा कोणीच तपासलेला नसल्यामुळे त्याला आव्हानही देता येत नाही.) रविवारपर्यंत ते एकोणीस वेळा वाजलं, त्यांपैकी अकरा वेळा खुद्द निशांतनेच लावलं होतं, वाजतंय का हे पाहण्यासाठी. यादीवाल्यांकडून नकार आला नाही. होकारही आला नाही. काहीच आलं नाही. सरकारी कार्यालयं निदान त्रुटी काढून अर्ज परत पाठवतात, त्यावर कोणाची तरी सही असते, आणि ती सही पाहून आपला कागद कोणाच्या तरी हातात होता एवढं समाधान मिळतं.

“लागली का रे लिस्ट?” पुढल्या शुक्रवारी श्यामसुंदररावांनी विचारलं. त्याच्या पुढल्या शुक्रवारीही विचारलं. निशांतला शुक्रवार नकोसा झाला.

तेव्हा त्याला केयूर भेटला. केयूर हा प्लेलिस्ट स्ट्रॅटेजिस्ट होता. सानपाड्याला एका सीएच्या ऑफिसमागची केबिन त्याने घेतली होती आणि त्यापूर्वी तो पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा. दोन्ही धंद्यांत मूळ वस्तूतून बरंच काही काढून टाकायचं असतं, त्यामुळे त्याला नवं शिकावं लागलं नाही.

“ब्रो, गाणं एक नंबर आहे,” केयूर म्हणाला. त्याने आठ सेकंद ऐकलं होतं. त्या क्षेत्रात याला सखोल श्रवण म्हणतात. “फक्त इंट्रो उडव. माणूस अंगठा लावूनच बसलेला असतो, कळलं ना? तीस सेकंद वाजलं तरच काउंट होतं. पाच सेकंदांत त्याला पकडला नाय तर तो गेला. आणि हे साडेचार मिनिट काय आहे? दोनच्या आत बसव. छोटं असलं की लोक परत परत लावतात.”

“परत का लावतात?”

“लावत नाय रे, लागतं. संपलं हे त्यांना कळायच्या आधी परत सुरू होतं. टेन्शन नाय.” मग त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. “हे शेवटी काय आहे?”

“तिसरं कडवं आहे. म्हणजे… त्याच्यासाठीच गाणं केलंय.”

“मग ते कॅप्शनमध्ये टाक ना,” केयूर म्हणाला. त्याचा स्वर खरोखरच मायेचा होता.

तिसरं कडवं लिहायला त्याला पाच महिने लागले होते, आणि ते पहिल्यांदा जमलं तेव्हा तो कपाटातल्या कपाटात, गोधडीत तोंड खुपसून रडला होता. पण परतताना त्याने व्यवहार मांडून पाहिला. कोणीही न ऐकलेल्या तीन कडव्यांपेक्षा कोणीतरी ऐकलेली दोन बरी. यादीत लागलं की बाबा ऐकतील, आणि एकदा ऐकलं की उरलेलं समोर बसून म्हणून दाखवता येईल. हा हिशोब इतका बिनतोड होता की त्यात दुःख करायला जागाच राहिली नाही. त्याने सुरुवातीची गिटार काढली, तिसरं कडवं काढलं, दुसऱ्या कडव्यातला न गाळता येणारा हॉर्न ठेवला, आणि नावाचे सहा शब्द होते तिथे केयूरच्या सांगण्यावरून दोन ठेवले. गाणं आता नवं म्हणून पुन्हा निघणार होतं.

“आता पहिल्या दोन-चार दिवसांत सेव्ह पाहिजेत,” केयूरने बजावलं. “पन्नास-साठ लोक पकड आणि सेव्ह करायला लाव. मग सिस्टीम स्वतः उचलते.”

निशांतच्या ओळखीचे साठ लोक नव्हते. वैशालीताईंच्या ओळखीचे होते.

“एवढंच ना?” त्या म्हणाल्या. “संक्रांत आलीच आहे. हळदीकुंकू घालते.”

जगभरातल्या कंपन्या गाण्याच्या प्रचारावर डोकं लढवत असताना हळदीकुंकवाचा मार्ग आजवर कोणालाच सुचू नये, ही आश्चर्याची गोष्ट आहे. वैशालीताईंनी या वर्षीचं वाण चहाची गाळणी ठरवलं आणि एक कार्यपद्धती आखून दिली. दारात आलेल्या सवाष्णीला प्रथम हळदीकुंकू. त्यानंतर तिने पर्समधून मोबाइल काढून शेजारच्या नंदिनीकडे द्यायचा. नंदिनी आयटीत असल्याने ती ॲप टाकणार, गाणं शोधणार आणि सेव्ह करणार. सेव्ह झाल्याची हिरवी खूण वैशालीताईंना दाखवली की तिळगूळ, आणि तिळगूळ तोंडात गेला की गाळणी. ज्यांच्या फोनमध्ये जागा नव्हती त्यांच्या नातवंडांचे फोटो डिलीट करून जागा करण्यात आली. सायंकाळी सहापर्यंत दोन्ही विंग, समोरची सोसायटी आणि वैशालीताईंचं भिशीमंडळ उरकलं. काही जणी यजमानांचा फोन घेऊन दुसऱ्यांदा आल्या, आणि नियमात बसत असल्यामुळे त्यांना दुसरी गाळणीही देण्यात आली.

निघताना एकीने विचारलं, “वैशाली, आता हे रोज लावायचं का गं?”

वैशालीताईंची या प्रश्नाची तयारी नव्हती. पण कुठलीही गोष्ट रोज करायची तर किती वेळा करायची, याचं उत्तर त्यांच्या तोंडी तयार होतं.

“अकरा वेळा,” त्या म्हणाल्या.

यापुढे जे झालं त्याला कोणीही फसवणूक म्हणू नये. त्या बायकांनी शब्द पाळला. दुपारची भांडी झाली, ओटा पुसून झाला, आणि चारचा चहा व्हायचा असला की साठ-सत्तर घरांतून निशांतचं गाणं सुरू होई आणि अकरा वेळा वाजून बंद होई. एकीनेही ते मध्ये बदललं नाही, कारण बदललं तर परत एकपासून मोजावं लागे. आणि एकीनेही ते ऐकलं नाही, कारण ऐकायला कोणी सांगितलेलंच नव्हतं. तळमजल्यावरच्या वेणूबाई साताऱ्याकडच्या. त्यांना निशांतने जिन्यात गाठून विचारलं, “मावशी, कसं वाटलं गाणं?”

“लावते की रं रोज! एक दिस चुकवला न्हाई,” वेणूबाई म्हणाल्या. “आवाज तेवढा बंद ठेवते. दुपारच्याला जरा पडलेली असते ना मी.”

आता ॲपच्या मागे जे यंत्र असतं त्याची बाजूही समजून घ्यायला हवी. यंत्र गाणं ऐकत नाही. (ऐकत बसलं असतं तर तेही तुमच्या-आमच्यासारखं मागे पडलं असतं.) ते ऐकणाऱ्यांकडे पाहतं. त्याला दिसलं ते असं : हे गाणं लावणारी माणसं दुपारी एक ते चारच्या दरम्यानच लावतात. त्याआधी ती स्तोत्रं लावतात आणि त्यानंतर धबधब्याचा आवाज, गर्भसंस्कार किंवा गुडघेदुखीवरचं ध्यान. गाणं सुरू झालं की आवाज शून्यावर नेतात. मध्ये कोणी हलत नाही, आणि तरी पुन्हा पुन्हा तेच लावतात. इतका ठोस पुरावा हाती असताना कुठलाही विचारी माणूस ज्या निष्कर्षाला पोचला असता त्यालाच यंत्र पोचलं. हे गाणं झोपेसाठी आहे.

झालं, यंत्राने मग गाणं नागपूर, सांगली, परभणी अशा ठिकाणच्या झोपाळू लोकांपुढे ठेवायला सुरुवात केली. पंधरवड्यात निशांतला खारघरहून फोन आला.

“मी अक्षता बोलतेय. ‘डोळे मिटा’ चालवते ना मी, ती प्लेलिस्ट,” पलीकडचा आवाज मऊ, जवळजवळ जांभई देणारा होता. “चार लाख फॉलोअर आहेत. तुमचा ट्रॅक मला घ्यायचाय, दादा.”

चार लाख अनोळखी माणसं! निशांतला तर एकच हवा होता. “तुम्ही ऐकलंत गाणं?” त्याने विचारलं.

“डेटा बघितला ना. स्किपच नाहीये! असं मी कधी बघितलं नाही.” मग अक्षता थोडी घुटमळली. “फक्त दोन गोष्टी करून द्याल? ढोलकी काढा, दचकायला होतं. आणि ते शब्द.”

“कुठले शब्द?”

“सगळेच. नाही, छानच असतील. पण शब्द आले की माणूस ऐकायला लागतो ना. ऐकायला लागला की जागा होतो.” तिचं म्हणणं बिनचूक होतं. “तो टुंग टुंग आवाज मात्र राहू दे हं. कुठून आणलात तो? इतकं शांत वाटतं!”

निशांतने एक दिवस मागून घेतला. त्या दिवशी कारखान्यात त्याने पांढऱ्या रंगाकडे नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिलं. त्यात काहीही नव्हतं आणि तो मान्य होत होता. घरी येऊन त्याने संगणक उघडला. शब्द लिहायला वर्ष गेलं होतं, काढायला एक बटण दाबावं लागलं. आपला आवाज गेल्यावर गाणं कसं वाटतं ते त्याने ऐकलं आणि त्याला लाज वाटली. गाणं वाईट झालं होतं म्हणून नाही, ते बरंच सुबक झालं होतं म्हणून. गाण्यात आता मूळच्या दोनच गोष्टी उरल्या होत्या. एक त्याची गिटार आणि दुसरी ट्रक.

गाणं यादीत लागलं.

त्यानंतरचं यश थोडक्यात सांगितलेलं बरं. महिन्याभरात ते काही लाख वेळा वाजलं. केयूरने आपल्या केबिनबाहेर निशांतचा फोटो लावला. सेक्टरात ‘आपल्या मातीतला कलाकार’ असा फ्लेक्स लागला, त्यात निशांतपेक्षा तो लावणाऱ्या इच्छुक उमेदवाराचा फोटो मोठा होता. प्लेलिस्टच्या नावाला शोभावं म्हणून निशांतचा डोळे मिटलेला फोटो निवडला होता, त्यामुळे वेणूबाईंसह तीन जणी कोचरेकरांकडे भेटायला येऊन गेल्या, पांढरी साडी नेसून.

आणि त्याची इच्छाही पूर्ण झाली. सानपाड्याला दाढ दाखवायला गेला असताना दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत त्याला छतातून स्वतःची गिटार ऐकू आली. समोरच्या बाकावर गाल सुजलेला एक गृहस्थ बसला होता. पूर्णपणे अनोळखी. निशांत श्वास रोखून त्याच्याकडे बघत राहिला. गृहस्थाने मान टेकली, टुंग टुंगच्या सुमारास त्याचं तोंड उघडलं, आणि गाणं संपलं तेव्हा तो बारीक घोरत होता. त्याने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत घेतलं होतं.

“मॅडम, आता हे कोणाचं गाणं लागलं होतं?” निशांतने काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

“गाणं?” तिने वर पाहिलं. “एसीचा आवाज आहे तो. बुधवारी माणूस येणारे.”

राहता राहिले श्यामसुंदरराव. यादी लागल्याचं कळल्यावर त्यांनी घाई केली नाही. शनिवारी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, चष्मा पुसला आणि सोफ्यावर ताठ बसून फोन हातात घेतला. वैशालीताईंनी गॅस बंद केला. यादीत क्रमांक सदतीसवर, ‘धबधबा (मंद)’ आणि ‘पंख्याचा आवाज, तीन तास’ यांच्या मधोमध निशांतचं नाव होतं. श्यामसुंदररावांनी ते दोनदा वाचलं, आडनावाचं स्पेलिंग तपासलं, आणि मग गाणं लावलं.

त्यांना झोप आली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ते मुलाचं गाणं रीतसर ऐकत होते, पायाने ठेका शोधत होते, तो सापडत नव्हता. गाणं संपलं आणि केयूर म्हणाला होता तसं ते कळायच्या आत परत सुरू झालं. त्यांनी ते थांबवलं.

“शब्द कुठायत?”

“काढले,” निशांत म्हणाला.

“का?”

“लिस्टमध्ये बसत नव्हते.”

श्यामसुंदररावांनी यावर विचार केला. नियमाची बाब होती, आणि नियम त्यांना कळत. “मग बरोबर,” ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला बाल्कनीत गेले.

निशांत सोफ्यावर तसाच बसून राहिला. उरलेलं समोर बसून म्हणून दाखवायचं असं त्याने ठरवलं होतं, पण ऐकणारा आता बाल्कनीत होता. इतक्यात बाल्कनीतून गुणगुणणं ऐकू आलं. आवाज जाडाभरडा होता, सूर पार घसरलेला होता, पण शब्द बरोबर होते. तिसरं कडवं होतं. सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता.

निशांत दारात जाऊन उभा राहिला. “बाबा, तुम्ही ऐकलं होतंत?”

“ऐकलं कुठे?” श्यामसुंदरराव चिमटे काढत म्हणाले. “तुझ्या कपाटाची भिंत आमच्या खोलीला लागून. वर्षभर तेच चालू होतं. आवक होत होती, नोंद नव्हती.” एक बनियन झटकून त्यांनी खांद्यावर टाकला. “ते शेवटचं बरं होतं पण. ते का काढलंस?”

निशांतला रडू फुटलं. नेमका खाली एक ट्रक मागे येत होता, त्यामुळे ते फारसं ऐकू गेलं नाही.

श्यामसुंदररावांनी म्हटलेले ते शब्द इथे देता आले असते. चारच ओळी होत्या. पण गोष्टीलाही लांबीचं बंधन असतं, आणि तशी मागणी कुठून आलेली दिसली नाही. सुरुवातीची गिटार कधी गेली, कडवं कधी गेलं, ढोलकी का गेली, दुसरी गाळणी कोणाला मिळाली, हे सगळं वाचकांनी लक्ष देऊन वाचलं. ते गाणं मुळात होतं कशाबद्दल, हे इतक्या वेळात एकानेही विचारलं नाही. त्यात वाचकांची काही चूक नसते. आता डोळे मिटायला हरकत नाही.